मावशीचा बिनपडद्याचा कॉम्प्युटर

माझ्या मावशीच्या कॉम्प्युटरला काही वर्षं मॉनिटर नव्हता. खोलीत कुणी पाहुणा आला की ती हे अशा थाटात सांगायची, जसं एखाद्याने सांगावं की आमच्या बैलाला कासरा लागत नाही. टेबलावर मॉनिटरच्या जागी एक कुंडी असायची. कुंडीत काय लावलंय ते मावशीला वासावरून कळायचं, पाहुण्याला बघून कळायचं, आणि कॉम्प्युटरला त्याच्याशी काही देणंघेणं नसायचं.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एका मोठ्या शाळेत ती ब्रेलची खोली सांभाळते. शाळा सगळ्यांसाठीच आहे, पण तिथे काही मुलं अशी आहेत ज्यांना दिसत नाही. त्यांची पुस्तकं, नकाशे, प्रश्नपत्रिका उठावाच्या ठिपक्यांत छापून द्यायच्या, हे मावशीचं काम. मुलं तिला 'ठिपकेवाल्या मावशी' म्हणतात. तिला स्वतःलाही दिसत नाही. लहानपणी डोळ्यांचं दुखणं झालं, उजेड हळूहळू कमी होत गेला आणि फळ्यावरची अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात आलं. आई सांगते, डॉक्टरांकडून परत येताना सगळं घर रडत होतं आणि मावशीने एवढंच विचारलं, "म्हणजे आता मला गणिताचा गृहपाठ नाही ना?"

त्या काळी अशा मुलींना वेताच्या खुर्च्या विणायला शिकवत. मावशीही शिकली, आणि पुढे त्याच शाळेच्या कारखान्यात खुर्च्या विणायला लागली. शिक्षकांच्या खोलीतल्या निम्म्या खुर्च्या अजून तिच्या हातच्या आहेत. एखाद्या खुर्चीचा वेत सैल झाला की तिला तो कुरकुरण्यावरून कळतो आणि ती बसणाऱ्याला सांगते, "मास्तर, वजन वाढलंय तुमचं. माझ्या विणकामाला दोष देऊ नका."

मग कुणीतरी शाळेला ब्रेल छापणारं यंत्र दिलं, सोबत कॉम्प्युटर दिला, आणि तो चालवायला माणूस हवा झाला. मावशीने कॉम्प्युटरच्या वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्यांनी काळजीने विचारलं, "बाई, तुम्हाला पडद्यावरचं दिसणार कसं?"

"मला दिसायचं नाहीये," मावशी म्हणाली. "शिकायचंय."

मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सुट्टीत मावशीकडे राहायला गेले की मी तिच्या शेजारी स्टुलावर बसायचे आणि पडद्यावर जे उमटेल ते मोठ्याने वाचायचे. माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी ती. पुढे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं बोलकं सॉफ्टवेअर आलं, मावशीने त्याचं नाव 'बोलक्या' ठेवलं आणि मला कामावरून काढलं. बोलक्या नाकात बोलतो, प्रत्येक वाक्य निवडणुकीच्या निकालासारखं वाचतो, पण चॉकलेट मागत नाही, हा त्याचा मोठा गुण.

आज मी कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करते. पदविका घेतली, एका कंपनीत लोकांच्या बिघडलेल्या सिस्टीम ठीक करून देते. ओळख करून देताना मावशी म्हणते, "ही माझी भाची, माझ्याकडेच उमेदवारी केली हिने." मी नाही म्हणत नाही, कारण ते खरं आहे.

मॉनिटरचं असं झालं की काही वर्षांपूर्वी तो जळाला. आधी वास आला, मग बंद पडला. शाळेने नवीन घेऊ का म्हणून विचारलं, तेव्हा मावशीने हात झटकले. "कशाला? तुम्हाला डोळे असून लागतो. मला नको." हे वाक्य शाळेत बरेच दिवस गाजलं. जळका मॉनिटर अडगळीच्या खोलीत गेला, त्या जागी कुंडी आली आणि काम पहिल्यासारखंच चालू राहिलं.

मावशीची खोली जिन्याखाली आहे. एका भिंतीला ते छापायचं यंत्र. मावशी त्याला गिरणी म्हणते, कारण ते सुरू झालं की शेजारच्या वर्गातले मास्तर आपोआप आवाज चढवतात. गिरणी जुनी, आणि तिला जोडलेला कॉम्प्युटर गिरणीच्याही आधीचा वाटावा असा. पण त्याला निवृत्त करता येत नाही. गिरणीची वायर रुंद, पुष्कळ पिनांची. तसलं खाचेचं तोंड नव्या कॉम्प्युटरला आता नसतं. मधे जोडायचा एक तुकडा मी आणून पाहिला होता, तर गिरणीने पानभर नुसते ठिपके ओकले. मावशीने त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे कुणी मोठ्याने वाचलं तर दातखीळ बसेल." तेव्हापासून ती जोडी फोडायची नाही असं ठरलं.

आता शंकूबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यासाठी चाललं होतं. शंकू नववीत. वर्गात सारख्या शंका विचारते म्हणून गणिताच्या मास्तरांनी तिला शंकासूर म्हटलं, मुलांनी त्याचं शंकू केलं आणि तिने ते नाव बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं. तिला दिसत नाही. बाकीच्या विषयांचे पेपर तिला मावशी ब्रेलमध्ये छापून द्यायची, पण गणिताचा देता येत नसे. कॉम्प्युटरमधलं जुनं सॉफ्टवेअर शब्दांचे ठिपके बरोबर करायचं; वर्गमूळ किंवा अपूर्णांक आला की त्याची खिचडी करायचं. पेपर गुप्त असतो, परीक्षेच्या दिवशीच सकाळी हातात येतो, त्यामुळे एकेक चिन्ह हाताने घालत बसायला वेळ नसतो. म्हणून गणिताला वाचक. म्हणजे एक बाई शेजारी बसणार आणि प्रश्न वाचून दाखवणार.

मागच्या परीक्षेत चित्रकलेच्या बाई वाचक होत्या. बाई प्रेमळ. पण लांबलचक समीकरण कानात धरून ठेवणं म्हणजे ओंजळीत पाणी घेऊन जिना चढण्यासारखं. शंकूने एक प्रश्न पुन्हा वाचायला लावला, मग पुन्हा. तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं तेव्हा तिला बाईंचा सुस्कारा ऐकू आला. बाई उकाड्याने सुस्कारल्या असतील, कोण जाणे. शंकूने तो प्रश्न सोडून दिला. येत असून सोडला. हे तिने घरी सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत जिन्याखाली येऊन मावशीला सांगितलं.

मावशी तशीच उठून मुख्याध्यापिकांकडे गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. गणित समजणारं नवं सॉफ्टवेअर निघालंय, ते मागवा, असा तिने धोशा लावला. मोठ्या बाईंनी मागवलं. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि गणिताचा पेपर सोमवारी होता. बाई म्हणाल्या, "शनिवारी दुपारपर्यंत मला गणिताचं एक पान छापून दाखवा. ते बरोबर असेल तर सोमवारी तिचा पेपर ब्रेलमध्ये. नाही तर वाचक. ऐन वेळी धावपळ नको."

"शनिवार कशाला, बुधवारीच दाखवते," मावशी म्हणाली.

आणि तिथून आमचे भोग सुरू झाले.

नवीन सॉफ्टवेअर जुन्या कॉम्प्युटरमध्ये घालणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला नवे बूट घालणं. आधी पाय बघावा लागतो. पहिल्याच झटक्याला बोलक्याने वाचून दाखवलं की हे सॉफ्टवेअर या जातीच्या कॉम्प्युटरसाठी नाही. मी ऑफिसातून फोनवर होते. कंपनीच्या साइटवर जुन्या मशीनसाठी वेगळी आवृत्ती होती, ती मावशीला उतरवून घ्यायला सांगितली. मग म्हणे डिस्कवर जागा नाही.

"एवढं काय भरलंयस?" मी विचारलं.

"पुस्तकं आहेत."

"आणखी?"

"नाटकं आहेत थोडी. ऐकायची."

"थोडी?"

"तू दुरुस्ती करते आहेस की झडती घेते आहेस?"

नाटकं पेन ड्राइव्हवर गेली, जागा झाली. त्यानंतर सॉफ्टवेअरने सांगितलं की तुमचा परवाना अजून सुरूच झालेला नाही. यावर मी चक्रावले, पण मग मावशीला तारीख विचारायला लावली. बोलक्याने जी तारीख वाचली ती ऐकून मला हसू आलं. कॉम्प्युटरच्या आत घड्याळासाठी नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती मेली की कॉम्प्युटर रोज सकाळी उठतो तो आपल्या जन्माच्या वर्षी.

"म्हणजे याच्या हिशेबाने मी अजून तरुण आहे," मावशी म्हणाली. "राहू दे की तसंच."

बुधवारी काम आटोपून मी शाळेत गेले, बॅटरी बदलली आणि आता नीट बघूनच घ्यावं म्हणून कार्यालयातल्या कारकुनांचा मॉनिटर तात्पुरता मागून आणला. कुंडी खाली ठेवली, मॉनिटर जोडला, कॉम्प्युटर सुरू केला, सॉफ्टवेअर घातलं. लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. आम्ही एक समीकरण छापून पाहिलं, मावशीने त्यावर बोट फिरवलं आणि मान डोलावली. मोठ्या बाई तोवर घरी गेल्या होत्या. मी मॉनिटर परत दिला आणि शीळ घालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "उघडत नाहीये."

"काय उघडत नाहीये?"

"तुझं सॉफ्टवेअर. कालपर्यंत माझं होतं, आज ते तुझं आहे."

मी तिला ते काढून पुन्हा घालायला सांगितलं. घालतानाही मध्येच थांबलं. दुपारी शाळेचा नेहमीचा तंत्रज्ञ आला. तोही बिचारा कारकुनांचा मॉनिटर काखोटीला मारून आला, जोडला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, आणि सगळं सुरळीत चाललं. "मॅडम, माझ्यासमोर तर छान चालतंय," तो म्हणाला. "तुमच्या हातून काहीतरी होत असेल."

"हातच तेवढे माझे चांगले आहेत, बाबा," मावशी म्हणाली. "बाकी काही म्हण."

तो गेला, मॉनिटर गेला. मावशीने पुन्हा कॉम्प्युटर सुरू केला आणि पुन्हा तेच. संध्याकाळी मी गेले, मॉनिटर जोडला, चाललं. मी घरी पोचायच्या आत फोन.

"तू दातांच्या डॉक्टरसारखी आहेस," मावशी म्हणाली. "दारात आलीस की दाढ दुखायची थांबते."

मला तेव्हा हसू आलं नाही. एव्हाना शाळेत बातमी पसरली होती की ब्रेलचं काही जमत नाही. चित्रकलेच्या बाईंना सोमवारी मोकळं राहायला सांगितलं होतं. शंकू मधल्या सुट्टीत जिन्याखाली यायची, दारात उभी राहून गिरणीचा आवाज येतोय का ऐकायची आणि काही न विचारता जायची. ज्या मुलीला सगळ्या जगाच्या शंका, तिने एकही शंका विचारू नये, हे मावशीला सहन होत नव्हतं.

शुक्रवारी मावशीने मला ऑफिसात फोन केला. नेहमीसारखी चेष्टा नाही, एकदम कामाचं.

"ऐक. मी त्याला पुन्हा चालू केलंय. आता फोन पेटीला लावते."

मी ऐकलं. जुन्या डिस्कचा आवाज असतो, कोरडी पानं चुरगाळल्यासारखा. ती थोडा वेळ कुरकुरली आणि गप्प झाली. मग नुसता पंखा.

"ऐकलंस?" मावशी म्हणाली.

"हो. अडकलंय."

"नाही, इथेच चुकतेस. अडकला की हा धापा टाकतो, पंख्याचा आवाज चढतो. इतकी वर्षं त्याच्या कुशीला बसलेय मी. हा आता शांत आहे. हा अडकलेला नाही, वाट बघतोय."

"कशाची?"

"कुणीतरी काहीतरी म्हणावं याची. त्याने काहीतरी विचारलंय आणि उत्तराला थांबलाय."

"मग बोलक्या का सांगत नाही?"

"बोलक्या म्हणतो, काही नाही. सगळी बटणं दाबून झाली. आता पुढचं तू सांग, तू शिकलेली आहेस."

"तूही शिकलेली आहेस."

"म्हणून तर एवढं सांगितलं. उरलेलं तुझ्या वाटणीचं."

रात्री झोपताना मी त्यावर विचार करत होते असं लिहायला चांगलं वाटलं असतं, पण खरं म्हणजे मी दमून झोपले. शनिवारी सकाळी रजा टाकून शाळेत गेले. सवयीने पहिल्यांदा कार्यालयाकडे वळले, तर मावशी जिन्याखालच्या दारातच उभी. माझी चप्पल तिने ओळखली.

"कुठे निघालीस?"

"मॉनिटर आणते."

"आणू नकोस."

"मग मी बघू कशात?"

"मी कशात बघते?" तिने माझा दंड धरला. "तो खोका आला की हा शहाण्यासारखा वागतो. तुझ्यासमोर, त्या पोरासमोर. माझ्या एकटीसमोर नाही. तुम्ही दोघांनी अजून माझा कॉम्प्युटर बघितलेलाच नाही. खोका लावलेला कॉम्प्युटर बघितलाय."

आमच्या कामात पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: दोष जिथे, जसा, ज्याच्या हाताखाली होतो, तसाच तो घडवून बघा. मी हे नव्या मुलांना स्वतः सांगते. आणि इथे मी दर वेळी कॉम्प्युटरला पाहुण्यांसमोर बसवावं तसं सजवून मग विचारत होते, काय दुखतंय. मावशी ते बोलली त्याच क्षणी मला कळलं आता काय करायचं.

"मॉनिटर आणते," मी म्हटलं, "पण लावणार नाही. आधी तू तुझ्या पद्धतीने सुरू कर."

मावशी खुर्चीवर बसली. कॉम्प्युटर मॉनिटरशिवाय उठला, बोलक्याने नाकातून नमस्कार केला, मावशीने सॉफ्टवेअर उघडलं. कुरकुर, कुरकुर, मग शांतता. पंखा संथ. अगदी तिने सांगितलं होतं तसं. तेव्हा मी, काहीही बंद न करता, चालू कॉम्प्युटरच्या पाठीत मॉनिटरची वायर खुपसली.

पडदा उजळला. सगळं प्रचंड मोठं दिसत होतं, बालवाडीच्या पुस्तकासारखं. आणि मधोमध एक चौकट, अर्धी पडद्याच्या बाहेर गेलेली. तिच्यात लिहिलं होतं की तुमचा पडदा या सॉफ्टवेअरसाठी फार लहान आहे, पुढे जायचं का. 'हो' आणि 'नाही' ही बटणं पडद्याच्या खालच्या काठाखाली बुडाली होती.

मी ते मोठ्याने वाचलं. प्राथमिक शाळेतल्यासारखं, शब्दन् शब्द.

"बोलक्याला का नाही दिसलं?" मावशीने विचारलं.

"ती चौकट अक्षरांची नाही, चित्राची आहे. चित्र त्याला वाचता येत नाही. आणि बटणं कीबोर्डने हलत नाहीत, माउसच लागतो."

"आणि पडदा लहान कुठून आला? पडदाच नाही."

"तेच तर. कॉम्प्युटर उठताना हाक मारतो, कुणी पडदा आहे का. उत्तर आलं नाही की तो धरून चालतो, असेल एखादा, अगदी लहानातला लहान. जुन्या सॉफ्टवेअरला त्याचं काही नव्हतं. याला चालत नाही."

 मावशीचा हात टेबलावरच्या कुंडीकडे गेला आणि मातीवर थांबला.

"म्हणजे मी म्हटलं होतं ना, मला नको," ती म्हणाली. "त्याचं हे."

"तुझा दोष नाही. ज्यांनी ते सॉफ्टवेअर केलं त्यांना सुचलंच नाही की एखाद्याला पडदा नसेल. ठिपके छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सुचू नये म्हणजे कमाल आहे."

"अर्धा त्यांचा," मावशी म्हणाली. "अर्धा माझ्या तोंडाचा. शाळा देत होती तेव्हा घ्यायचा होता मुकाट्याने." मग तिने नाक उडवलं. "असू दे. ते वाक्य चांगलं होतं. आता एक मॉनिटर आण कुठून तरी, जो परत द्यायला लागणार नाही."

कारकुनांना त्यांचा हवा होता. नवा सोमवारपर्यंत येणं शक्य नव्हतं. मी मावशीला विचारलं, तो जळका अजून आहे का. शिपाईकाका अडगळीच्या खोलीत शिरले आणि शिंकत शिंकत तो घेऊन बाहेर आले. त्याच्यावर बोटभर धूळ, एका कोपऱ्याला तडा.

"हा मेलेला आहे," शिपाईकाका म्हणाले.

"बघू या किती मेलाय," मी म्हटलं.

माझा हिशेब असा होता: मॉनिटरचा पडदा जळला तरी आत एक बारीकशी चिप असते, जिच्यात त्याचं नाव आणि मापं लिहिलेली असतात. तिला जगायला कॉम्प्युटरच्या वायरीतून येणारा चिमूटभर करंट पुरतो. कॉम्प्युटरने हाक मारली की ओ देण्यापुरती ती जिवंत असली, तरी आमचं काम होतं. मी वायर जोडली. मावशीने बटण दाबलं. पडदा काळा ठिक्कर. बोलक्या बोलला, डिस्क कुरकुरली, कुरकुरतच राहिली, आणि बोलक्याने नव्या सॉफ्टवेअरचं नाव वाचून दाखवलं. मी बोलक्याकडून पडद्याची मापंही वाचून घेतली. कॉम्प्युटरला वाटत होतं, आपल्याला चांगला ऐसपैस पडदा आहे.

"मतदार यादीत मेलेल्यांची नावं असतात, तसं झालं हे," मावशी म्हणाली. "फुटका असला म्हणून काय बिघडलं? त्याच्याकडे कोण बघणार आहे?"

आम्ही कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. पुन्हा बंद केला, मला खोलीबाहेर काढलं, मावशीने एकटीने चालू केला. प्रत्येक वेळी चाललं. मग गिरणी सुरू झाली. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनी आवाज चढवला, आणि मोठ्या बाई त्या आवाजाने आपण होऊनच जिन्याखाली आल्या. मावशीने पान फाडून घेतलं, त्यावर तर्जनी फिरवत वाचत गेली: अपूर्णांक, कंस, वर्गमूळ, सगळं जागच्या जागी. मोठ्या बाईंनी पान हातात घेऊन उजेडात धरलं. त्यांना ब्रेल येत नाही, पण मावशीचा चेहरा वाचता येतो.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सोमवारी ब्रेल. वाचकही शेजारी बसेल, नियम आहे. लागलाच तर."

"बसू दे," मावशी म्हणाली. "पंख्याखाली बसवा म्हणजे सुस्कारायला नको."

सोमवारी मी उशिरा येते म्हणून ऑफिसला कळवलं आणि शाळेत गेले. पेपर गुप्त, म्हणून मला खोलीत येऊ दिलं नाही. मी जिन्याजवळच्या बाकावर बसून गिरणी ऐकली. मावशी पानं घेऊन बाहेर आली तेव्हा तिने ती बाळ धरल्यासारखी धरली होती. परीक्षेच्या खोलीत ती स्वतः गेली, स्वतः शंकूच्या हातात दिली.

पेपर संपल्यावर मुलांचा लोंढा बाहेर आला. शंकू शेवटी आली, चित्रकलेच्या बाईंचा हात धरून. बाई म्हणाल्या, "मला काही कामच नव्हतं. या पोरीने एक अक्षर विचारलं नाही."

"कसा होता?" मावशीने विचारलं.

"बरा होता. पण शेवटून दुसऱ्या प्रश्नात घोळ आहे."

मावशीचा चेहरा उतरला. मी पहिल्यांदा तिला घाबरलेलं पाहिलं. "कसला घोळ? ठिपके चुकले?"

"त्रिकोणाच्या बाजू दिल्यात. चार, पाच आणि दहा. क्षेत्रफळ काढायचंय. काढायला गेलं की वर्गमुळाच्या आत उणे येतं. मी कितीतरी वेळा वाचला. वर जाऊन वाचला, खाली येऊन वाचला. मग कळलं की असा त्रिकोण होतच नाही. दोन बाजू मिळून तिसरीला पुरतच नाहीत."

"छपाईची चूक असेल तर..." मावशी म्हणाली. तिने शंकूच्या हातातलं पान घेतलं, तो प्रश्न शोधला, बोट फिरवलं. चार, पाच, दहा. मग एका हाताने शंकूला आणि दुसऱ्या हाताने मला धरून ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. गणिताचे मास्तर तिथेच होते. मोठ्या बाईंनी मूळ पेपर काढून वाचला. चार, पाच, दहा.

"छपाई बरोबर आहे," मावशी म्हणाली, आणि रिकाम्या खुर्चीत बसली.

मास्तरांनी पेपर हातात घेतला, कपाळावर हात मारला आणि हसले. आठ लिहायचं होतं, म्हणाले. बाकीच्या वर्गाच्या उत्तरपत्रिका त्यांच्यासमोरच होत्या. त्यांनी वरच्या काही चाळल्या. जवळजवळ सगळ्यांनी ते उणे गुपचूप गिळून टाकून उत्तर काढलं होतं.

"तुला कसं काय सापडलं?" मोठ्या बाईंनी शंकूला विचारलं.

"कुणी वाचून दाखवलं असतं तर मला वाटलं असतं, मीच चुकीचं ऐकलं," शंकू म्हणाली. "आज बोटाखाली होतं. मी चुकले असं वाटायला जागाच नव्हती."

मास्तर म्हणाले, "या प्रश्नाचे गुण आता सगळ्यांनाच द्यावे लागतील."

"सगळ्यांना का?" शंकू म्हणाली. "मी तर सोडवलाय. असा त्रिकोण नाही, असं कारणासकट लिहिलंय."

मास्तर पुन्हा हसले. मोठ्या बाईही हसल्या. मावशी मात्र हसली नाही. ती ताठ बसली होती, मोठ्या बाईंच्या खोलीत, वेताच्या खुर्चीत, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू त्या मुलीने आपल्या उत्तराखाली मावशीच्याच नावाने सही केली आहे. मग ती उठली आणि शंकूच्या डोक्यावर टपली मारली.

"पुरे आता. चल, उद्याच्या पेपरचा कागद गिरणीत भरायचाय. आणि चालताना मला सांग, ते उणे नेमकं आलं कुठून. मी ठिपके तपासले होते, गणित कोण तपासतं?"